वाट फुटेल तिकडे पाणी

गेल्या मे महिन्यात सासरी गावी गेले होते. पुतणीने सुट्टीतला प्रकल्प म्हणून चुन्याच्या निवळीचा प्रयोग काढला होता. आजोबांच्या पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना रात्रीच तांब्याभर पाण्यात कालवून ठेवलेला. सकाळी तिने वरचं नितळ पाणी अलगद पेल्यात ओतून घेतलं, शहाळ्याची नळी त्यात बुडवली आणि फुंकायला लागली. अर्ध्या मिनिटात पेला दुधाळ झाला. “झाला, काकू,” म्हणून ती उठायला लागली, कारण पुस्तकातला प्रयोग तिथेच संपतो. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध झालं, आता आकृती काढायची.

मी म्हटलं, थांब, फुंकत राहा. पाच मिनिटं काहीच झालं नाही. तिचं तोंड दुखायला लागलं, मग नळी मी घेतली. आळीपाळीने फुंकता फुंकता दहा-बारा मिनिटांनी पेल्यातला पांढरेपणा विरळ व्हायला लागला आणि हळूहळू पाणी पुन्हा नितळ झालं. पोरगी पेल्याला डोळे लावून बसली होती. “पांढरं गेलं कुठे?” तिने विचारलं.

कुठेच गेलं नव्हतं, पाण्यात विरघळलं होतं. पहिल्या फुंकरीने पाण्यात चुनखडकाचं पीठ तयार झालं. त्यानंतरच्या फुंकरींनी पाणी किंचित आंबट झालं आणि त्या आंबट पाण्याने तेच पीठ गिळून टाकलं. ते नितळ पाणी पातेल्यात उकळलं तर पांढरा साका पुन्हा दिसतो. आंघोळीच्या बंबाच्या आत बसणारा थर तो हाच. पुस्तक ज्या दहा मिनिटांपाशी थांबतं, त्या दहा मिनिटांत जगातल्या कितीतरी प्रदेशांचा भूगोल घडलेला आहे. पाऊस मातीतून मुरतो, मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेऊन आंबट होतो आणि खालच्या चुनखडकाच्या भेगा गिळत जातो. केसाएवढी भेग बोटाएवढी होते, बोटाएवढीचा बोगदा होतो. अशा पोखरलेल्या प्रदेशाला भूगोलात कार्स्ट म्हणतात. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवरच्या एका पठाराचं ते नाव, तेच पुढे जगभरच्या अशा भूमीला पडलं.

या खडकाच्या नादी मी लागले त्याचं कारण मात्र पुतणीच्या प्रयोगापेक्षा जुनं आहे.

एका औषध कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये मी एकवीस वर्षं काढली. नमुना घ्यायचा, तपासायचा, सही करायची, हे काम. शेडच्या मागे मुरमाची मोकळी जागा होती. भांडी धुतलेलं, वापरून झालेलं सॉल्व्हंट बादलीतून तिथे ओतलं जाई. आमचे जुने हेल्पर मामा सांगायचे, “उडून जातंय मॅडम, उन्हात उडून जातंय.” मी रसायनशास्त्र शिकलेली, तरी मलाही ते पटत असे. बादली ओतल्यावर क्षणभर नाकात गोडसर वास भरायचा, मुरूम काळपट व्हायचा आणि चहा पिऊन येईपर्यंत कोरडा दिसायचा. उडून गेलं, हे डोळ्यांदेखत घडत होतं.

नोकरी सुटल्यावर वाचन वाढलं. त्यात कळलं, की ही समजूत एकट्या मामांची नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या रसायन उद्योगाच्या सुरक्षापत्रकांतसुद्धा, टाकाऊ सॉल्व्हंट कोरड्या जमिनीवर पसरून उडू द्यावं, असा सल्ला छापलेला असे. उडून जे जातं ते जातं. बाकीच्याचं काय होतं हे मला समजलं ते पोर्तो रिको नावाच्या बेटाच्या कागदपत्रांतून.

*

कॅरिबियन समुद्रातलं हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याहून ते लहानच भरेल. त्याचा चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक भाग चुनखडकाचा, आणि उत्तर किनाऱ्यालगत या खडकाचा सलग पट्टा. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात हा पट्टा अंड्यांच्या ट्रेसारखा दिसतो. हिरव्या झाडीने झाकलेल्या गोल टेकड्या आणि त्यांच्या मधोमध खळगे. टेकडीला तिथले लोक मोगोते म्हणतात, पाणी गिळणाऱ्या खळग्याला सुमिदेरो. कामुई नावाची नदी वाहता वाहता गुहेत शिरते आणि पुढे पुन्हा उजेडात येते. आरेसिबोची ती प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण, 305 मीटर व्यासाची ताटली, 1963 मध्ये अशाच एका खळग्यात बसवली होती. निसर्गाने ताटलीचा साचा आयताच करून दिला होता. 1 डिसेंबर 2020 रोजी ती कोसळली.

आपल्याकडे चार-पंचमांशाहून अधिक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर उभा आहे, त्यामुळे आपली भूजलाची कल्पनाही त्या पाषाणातून आलेली. पाणाड्या शिवारात फिरतो, बोट दाखवतो, विहीर खणताना मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग काळा. एखाद्या सांध्यातून झरा लागतो. झरा म्हणजे बोटभर धार, ती रात्रभर ठिबकत विहीर भरते. पाणी खडकातून झिरपून येतं, म्हणून ते गाळलेलं, शुद्ध, ही आपली पिढीजात खात्री. चुनखडकात ही खात्री चालत नाही. तिथे पाणी एकाच वेळी तीन चालींनी चालतं. खडकाच्या अंगात बारीक छिद्रं असतात, त्यांत ते जवळजवळ बसून राहतं. भेगांतून ते रांगतं. आणि पोखरलेल्या बोगद्यांतून नदीसारखं धावतं. सुमिदेरोत पडलेलं पाणी मातीच्या एकाही थरातून न गाळता थेट खाली पोहोचू शकतं.

पोर्तो रिकोच्या उत्तर पट्ट्यात जमिनीखाली एकाखाली एक असे दोन जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारे खडकाचे थर, आहेत. वरचा उघडा आहे. पाऊस पडला की त्याची पातळी हलते. खालचा चिकणमाती मिसळलेल्या घट्ट थराखाली दाबून धरलेला, त्याला भोक पाडलं की पाणी आपसूक वर येतं. 1968 मध्ये बार्सेलोनेता गावाजवळ खोल बोअर घेतलं तेव्हा हा दाबातला जलधर सापडला. भरपूर, स्वच्छ आणि पंपावाचून वर येणारं पाणी.

औषध कारखान्याला याहून काय हवं असतं? मी त्या धंद्यातली आहे, मला माहीत आहे. औषध बनवायला आधी पाणी लागतं. त्यात 1976 मध्ये अमेरिकेच्या करकायद्यात 936 क्रमांकाचं कलम आलं आणि पोर्तो रिकोत कमावलेला नफा मूळ देशात जवळपास करमुक्त नेता येऊ लागला. मोगोतेंच्या मधल्या सपाट जागांवर कारखान्यांची रांग लागली. सपाट जागा तेवढ्याच होत्या, आणि पावसाचं पाणीही टेकड्यांवरून वाहून तिथेच उतरत होतं. एका बाजूला रसायनांची पिंपं, दुसऱ्या बाजूला गावाची सार्वजनिक विहीर, मध्ये काही शे मीटर जमीन आणि खाली बोगदे.

*

1982 च्या सप्टेंबरात बार्सेलोनेतातल्या अपजॉन कंपनीच्या कारखान्यात एक जमिनीखालची टाकी गळत असल्याचं लक्षात आलं. त्यात टाकाऊ मिश्रण साठवलेलं होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नोंदीनुसार गळती 15,300 गॅलनची. त्यात 65 टक्के कार्बन टेट्राक्लोराइड, 35 टक्के ॲसिटोनायट्राइल.

हा आकडा मी वाचला तेव्हा काही वेळ पुढचं वाचलंच नाही. ॲसिटोनायट्राइल आमच्या लॅबमध्ये रोजच्या वापरातलं, बाटली रिकामी झाली की पुढची फोडायची. कार्बन टेटही हाताळलेलं. 15,300 गॅलन म्हणजे जवळपास 58,000 लिटर. आपल्याकडच्या दुष्काळी गावाला पाणी पुरवणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर पावणेचार टँकर नुसतं कार्बन टेट जमिनीत गेलं.

या दोघांच्या स्वभावात फरक आहे, आणि पुढची सगळी कथा त्या फरकाची आहे. ॲसिटोनायट्राइल पाण्यात मिसळतं आणि पाणी जाईल तिकडे जातं. कार्बन टेट पाण्यात जेमतेम विरघळतं आणि पाण्याच्या दीडपटीहून जड असतं. ट्रायक्लोरोएथिलीनही असंच, कारखान्यांत यंत्रांच्या भागांवरचं वंगण काढायला वापरतात ते. तेल पाण्यावर तरंगतं, हे आपल्याला फोडणीपासून ठाऊक. ही द्रवं मात्र जलधरात शिरली की पाण्याला बाजूला सारत खाली खाली जातात, पाणी वाहतंय त्या दिशेचीही पर्वा करत नाहीत. भेगेच्या टोकाला, बोगद्याच्या तळाच्या खळग्यात, गाळात जाऊन बसतात. वरून जाणारं पाणी त्यांना जरा जरा चाटत राहतं.

जरा जरा म्हणजे किती, याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, कार्बन टेटचीही तेवढीच. एक लिटर ट्रायक्लोरोएथिलीनचं वजन जवळपास दीड किलो. म्हणजे एक लिटर द्रव सुमारे 29 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. 29,000 टँकर. मामांची बादली 15 लिटरची होती.

बार्सेलोनेतात मग काय काय करावं लागलं ते अहवालांत क्रमाने आहे. जवळची सार्वजनिक विहीर बंद केली. टाकीखालच्या जमिनीत नळ्या रोवून मातीतली वाफ पंपाने ओढून काढली. ही पद्धत तेव्हा इतकी नवी होती की तिच्या सुरुवातीच्या प्रत्यक्ष वापरांत या जागेचं नाव घेतात. खालचं पाणी उपसून त्यातलं रसायन वेगळं करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. 1984 मध्ये ही जागा सुपरफंडच्या यादीत गेली. सर्वांत बिघडलेल्या जागांची सफाई अमेरिकी सरकार ज्या कायद्याखाली करतं किंवा करवून घेतं, त्याची ही यादी.

त्याच वर्षी त्याच पट्ट्यातल्या वेगा आल्ता गावाच्या विहिरीही यादीत गेल्या. 1983 मध्ये त्यांत ट्रायक्लोरोएथिलीन सापडलं होतं. तिथे एका टाकीची गळती असं बोट ठेवायला जागा नव्हती. औद्योगिक वसाहत होती आणि तिच्यात बरेच जण होते. असं झालं की सफाईच्या आधी वाद लांबतो, प्रत्येक जण शेजाऱ्याच्या शेडकडे पाहतो. वेगा बाहामध्ये 1948 पासून 1979 पर्यंत गावाने उघड्यावर कचरा टाकला, खाली अस्तर नाही की काही नाही, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याच कचऱ्यावर लोकांनी घरं बांधली. मनाती आणि वेगा बाहाच्या मधल्या भागात कारखाने नव्हते तर अननसाचे मळे होते. तिथल्या वरच्या जलधरात नायट्रेट वाढलं. मळ्यांतलं खत आणि घरांचे शोषखड्डे, अशी दोन कारणं अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अभ्यासात दिली आहेत. नायट्रेटला गंध नाही, रंग नाही, ते कशाला चिकटत नाही, पाण्याबरोबर सरळ निघतं. प्लास्टिक मऊ ठेवणारी थॅलेट नावाची रसायनं नेमकी उलटी. ती गाळाला, मातीच्या कणांना धरून बसतात आणि जोराचा पाऊस येऊन गाळ हलला की त्याच्याबरोबर प्रवास करतात. एकाच बोगद्यातून प्रत्येक रसायन आपापल्या चालीने जातं.

*

खालचे बोगदे कुठून कुठे जातात हे वरून दिसत नाही, आणि ते कळल्याची एक गोष्ट मला फार आवडते. फ्रान्सच्या पूर्वेला जुरा डोंगरात पोंतार्लिए गाव आहे, दू नदीच्या काठी. 11 ऑगस्ट 1901 रोजी तिथल्या पर्नो कंपनीच्या ॲबसिंथच्या कारखान्यावर वीज पडली. आग भडकू नये म्हणून मद्याच्या टाक्या मोकळ्या केल्या आणि ते सगळं नदीत गेलं. थोड्याच दिवसांत डोंगरापलीकडे कित्येक किलोमीटर दूर, लू नावाच्या दुसऱ्याच नदीच्या उगमावर बडीशेपेचा वास यायला लागला. लू हा दूचाच हिस्सा आहे, जमिनीखालून आलेला, हे असं कळलं. पुढे 1910 मध्ये गुहांचे अभ्यासक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी हिरवा चमकणारा रंग सोडून त्यावर शिक्कामोर्तब केलं. दोन नद्या शेजारी शेजारी वाहत होत्या, दोन्हीचे नकाशे होते, काठावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत होती. कुणालाही खालची वाट ठाऊक नव्हती.

मला यात धाक वाटला तो क्यूसीवालीला वाटावा असा. आमच्या कामाचा पहिला नियम हा की नमुना मालाचं खरं रूप दाखवणारा हवा. पिंपातला माल असेल तर वरून, मधून, तळातून काढायचा. एकाच ठिकाणाहून काढलेल्या नमुन्यावर मी सही केली नसती. आता कार्स्टमध्ये विहीर खणली म्हणजे काय केलं? अंधारात एक सुई टोचली. ती बोगद्याला लागली तर नदीचं पाणी मिळतं. दोन मीटर बाजूला पडली तर खडकाच्या छिद्रांत बसलेलं जुनं पाणी मिळतं. दोन्ही नमुने एकाच जलधराचे, दोन्ही खरे, आणि दोन्हींचे अहवाल एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात.

वेळेचंही तेच. नमुना तीन महिन्यांनी, ठरल्या तारखेला, शक्यतो कोरड्या हवेत घेतला जातो, कारण नमुना घेणाऱ्यालाही गाडी, रस्ता, बर्फाची पेटी लागते. पण चुनखडकात पाणी जागं होतं ते पावसाच्या तासांत. मोठा पाऊस आला की बोगदे भरून वाहतात, तळाचा गाळ ढवळला जातो, कोपऱ्यात बसलेलं रसायन उठतं. कधी याच्या उलट होतं, पाणी इतकं येतं की सगळंच पातळ होऊन जातं. एकाच झऱ्यावर सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळे आकडे मिळू शकतात. पूर ओसरला की बोगद्यातलं पाणी पुन्हा स्वच्छ दिसतं. मात्र पुराच्या दाबाने आजूबाजूच्या छिद्रांत शिरलेलं दूषित पाणी आता उलट्या दिशेने, थेंब थेंब बाहेर यायला लागतं. ते महिनोन्‌महिने येत राहतं.

पोर्तो रिकोच्या बाबतीत हा उलटा प्रवास फार महत्त्वाचा आहे. तिथला चुनखडक वयाने कोवळा. जुन्या खंडांवरचे चुनखडक दबून दबून दगडी झालेले असतात, त्यांच्या अंगात पाणी फारसं मावत नाही. इथला खडक अजून स्पंजासारखा सच्छिद्र आहे. म्हणून तो पाणी भरपूर देतो, आणि म्हणूनच एकदा शिरलेलं विष धरूनही ठेवतो. मायाग्वेस इथल्या पोर्तो रिको विद्यापीठात इंग्रिड पादिया आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चुनखडकाचा अख्खा ठोकळा टाकीत बसवून, त्यातून पाणी सोडून, ट्रायक्लोरोएथिलीन कसं फिरतं ते तपासलं. मोठ्या वाटांतून ते चटकन बाहेर येतं. मंद पाण्याच्या जागी जे अडकतं ते रेंगाळत राहतं आणि पुन्हा पुन्हा दिसतं. प्रत्यक्ष विहिरींच्या नोंदींतही हेच दिसतं. कलम 936 ची सवलत 1996 नंतर टप्प्याटप्प्याने काढून घेतली आणि 2006 मध्ये ती संपली. कित्येक कारखाने गेले. ऐंशीच्या दशकात पहिल्यांदा आढळलेली क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट्स मात्र त्यानंतरच्या दशकांतही या पट्ट्यातल्या नमुन्यांत सापडत राहिली आहेत.

उपशाचाही यात हात असतो. पंप जोरात चालला की विहीर आजूबाजूचं पाणी ओढते आणि दूरचं दूषित पाणीही तिच्याकडे वळतं. किनाऱ्यालगत तर खालून समुद्राचं खारं पाणी सरकतं. विहीर बंद केली की तो ओढा थांबतो आणि विष दुसरी वाट धरतं. दूषित विहिरी बंद होत गेल्या, तसा उत्तर किनाऱ्याने दुसरीकडून पाणी आणलं. आरेसिबो नदीचं पाणी सान हुआनपर्यंत नेणारी मोठी जलवाहिनी 2000 च्या सुमारास सुरू झाली. भूजलाचं कोठार पायाखाली असताना डोंगरातलं पाणी नळाने आणायचं, हे आपल्याकडच्या किती शहरांना ओळखीचं वाटेल!

*

माणसांच्या शरीरात काय झालं, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याबद्दल लिहिताना हात आखडतो. 2000 च्या दशकाच्या मध्यावर पोर्तो रिकोत दर पाच बाळांतलं जवळपास एक बाळ दिवस भरण्याआधी जन्मत होतं, सुमारे 20 टक्के. त्या वेळी अमेरिकेचं प्रमाण 13 टक्क्यांच्या आत होतं. आईचं वय, उपचार, सिझेरियनची घाई, यांतून हा फरक पुरता उलगडेना. 2010 मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या पुढाकाराने प्रोटेक्ट नावाचा प्रकल्प सुरू झाला. अक्रम अलशवाबके त्याचे प्रमुख. बालआरोग्याचे जाणकार होसे कोर्देरो, मिशिगन विद्यापीठाचे जॉन मीकर आणि मायाग्वेसच्या पादिया त्यात. उत्तरेच्या याच कार्स्ट पट्ट्यातल्या गरोदर बायकांची नावनोंदणी करायची, बाळंतपणापर्यंत त्यांच्याकडून रक्त-लघवीचे नमुने आणि घरच्या सवयींची माहिती घ्यायची, आणि दुसरीकडे विहिरी, झरे, नळ तपासत राहायचं. स्थापत्य अभियंते आणि स्त्रीआरोग्याचे डॉक्टर एकाच तक्त्यावर काम करताहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. खडकाचा अभ्यास करणाऱ्याला बाळाचं वजन विचारावंसं वाटलं पाहिजे.

या अभ्यासातून काही थॅलेट आणि मुदतपूर्व प्रसूती यांचा संबंध दिसला आहे. पण थॅलेट विहिरीतून येतं तसं प्लास्टिकच्या डब्यातून, साबणा-शाम्पूतून, औषधाच्या गोळीच्या आवरणातूनही येतं. त्यामुळे ‘भूजलाने बाळं लवकर जन्मली’ असं एका वाक्यात म्हणणं खोटं ठरेल. दरम्यान मुदतपूर्व जन्मांचं प्रमाण बरंच खालीही आलं आहे. लॅबमधल्या बाईला हे अर्धवट उत्तर रुचत नाही. तरीही ज्या बायकांनी पोटात बाळ असताना अनोळखी माणसांना आपल्या सवयी मोकळेपणाने सांगितल्या, त्यांनी आपल्या लेकीसुनांसाठी काहीतरी जमा करून ठेवलं आहे.

20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया वादळ बेटावर आदळलं. वीज गेली, पंप बंद, नळ कोरडे. ऑक्टोबरात दोरादो गावच्या एका विहिरीवर लोकांनी रांग लावली. बादल्या, कॅन, लहान टाक्या घेऊन माणसं येत होती, टँकरही भरले जात होते. ती विहीर एका सुपरफंड जागेतली होती. मागल्याच वर्षी, 2016 मध्ये, दोरादोतलं भूजल क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटमुळे यादीत घातलं होतं. रांगेतल्या अनेकांना ते माहीतच नव्हतं. बातमी जगभर गेली. फ्लिंट शहराच्या पाण्यातलं शिसं उजेडात आणणारे व्हर्जिनिया टेकचे मार्क एडवर्ड्स यांनी त्या विहिरीचे नमुने तपासले, आणि पाणी पिण्याच्या मर्यादेत बसत असल्याचं सांगितलं.

कुणालाही हायसं वाटेल असा हा निकाल होता, आणि मी त्यावर शंका घेत नाही. त्या दिवशी त्या बाटलीत जे पाणी होतं, ते चांगलं होतं. तहानलेल्या माणसाला ते मिळालं हेही बरंच झालं. पण ती विहीर ज्या जलधरात टोचलेली आहे तो कार्स्टचा. त्या बाटलीने शेजारच्या बोगद्याबद्दल, पुढच्या पावसाबद्दल, खडकाच्या छिद्रांत काय बसलं आहे याबद्दल काहीही सांगितलेलं नाही, आणि एकट्या बाटलीला ते सांगताही येत नाही. अशा खडकात राखण करायची तर ती जमिनीच्या वर, टाकी पुरण्याआधी, सुमिदेरोच्या काठावर. खाली गेल्यावर आपण फक्त मोजत राहतो.

*

असा खडक आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. चंद्रपूर-यवतमाळच्या सीमेवर, वणी, राजुरा, कोरपना या पट्ट्यात चुनखडक आहे. सिमेंटचे कारखाने त्याच्याच जिवावर उभे आहेत. जिथे तो पोखरलेला आहे तिथे विहिरींना पाणी चांगलं लागतं. तिथे चुनखडकाकडे सिमेंटचा कच्चा माल म्हणून जेवढं पाहिलं जातं, त्याच्या निम्म्याने तरी पाण्याची वाट म्हणून पाहिलं जावं. खाणीचा खड्डा पुढे कशाने भरायचा, हे ठरवताना खाली काय आहे हे विचारलं जावं.

आमचं गाव मात्र काळ्या पाषाणावरचं. बोगदे नाहीत, सुमिदेरो नाहीत. पण सांधे आहेत, भेगा आहेत, मुरूम आहे. आणि ज्या कारखान्यात मी होते तिथून भाऊजींची विहीर उताराच्या दिशेने दीड-दोन किलोमीटरवर आहे. एकवीस वर्षांत दुसऱ्यांच्या मालाचे हजारो नमुने तपासले. ज्या विहिरीचं पाणी दर सुट्टीत प्याले, तिचा नमुना एकदाही घेतला नव्हता.

निवळीच्या प्रयोगानंतर चार दिवसांनी तो घेतला. ओळखीच्या एका लॅबने 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या दिल्या होत्या. झाकणाच्या आत टेफ्लॉनची चकती, कारण ही रसायनं साध्या प्लास्टिकमध्ये मुरतात. भाऊजींनी मोटर सुरू केली आणि बंद करायला हात पुढे केला, तेव्हा मी त्यांना थांबवलं. पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी आधी जाऊ द्यायचं. “वहिनी, पाणी तर काचेसारखं आहे,” ते म्हणाले. धार अगदी बारीक करून कुपी तिरकी धरली, म्हणजे पाण्यात हवा घुसळली जात नाही. काठोकाठ भरली. वर पाण्याचा फुगा उभा राहिला, त्यावर झाकण सरकवून घट्ट केलं.

मग कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारली. आत एक बुडबुडा जरी राहिला तरी विरघळलेलं सॉल्व्हंट त्या हवेत शिरतं, आणि अहवालात आकडा कमी येतो. पहिल्या कुपीत मोहरीएवढा बुडबुडा वर सरकला. ती ओतून दिली. दुसरीतही तेच झालं. पुतणी शेजारी उभी राहून प्रत्येक कुपी उजेडात धरून पाहत होती. तिसरी कुपी तिने दोनदा उलटी केली, टिचकी मारली, आणि बर्फाच्या डब्यात ठेवायला माझ्या हातात दिली.